दोघांचे सत्तर टक्के

सोसायटीच्या अध्यक्षपदाला उमेदवार दोनच, आणि दोघांनाही शंभरातली सत्तर मतं मिळत होती. यात गडबड कुठे आहे हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. लोक खोटं बोलले होते. पण कोणाशी खोटं बोलले आणि कशासाठी, हे हिरालाल पटलेच्या घरात कोणाला उमगेना, आणि त्यावर तर हिरालालचं छप्पर टांगलेलं होतं.

छपराचं आधी सांगतो. हिरालाल तिरोड्याकडचा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये सगळी नोकरी झाली. त्या मार्चअखेर तो रिटायर होणार होता, आणि रिटायर झालं की कैंप-१ मधलं कारखान्याचं क्वार्टर खाली करावं लागणार होतं. गावी भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. त्याच्या वाट्याच्या खोलीत आता पुतण्याचा संसार, आणि पुतण्या दर दिवाळीला म्हणायचा, काकाजी तुमचीच खोली आहे, या ना कधी. असं म्हणणाऱ्याच्या घरी कोणी राहायला जात नसतं. मग उरली ती सोसायटी.

विदर्भातून भिलाईत आलेल्या मराठी लोकांनी कुरुदच्या बाजूला जमीन घेऊन ही गृहनिर्माण सोसायटी काढली होती. प्रत्येकानं वर्गणी सारखी भरली. जमीन मात्र सारखी निघाली नाही. एका अंगाला सडक, दुसऱ्या अंगाला नाला, आणि मोजणी झाल्यावर कळलं की सदस्य जास्त आणि प्लॉट कमी. मग कोणाला सडकेचा, कोणाला नाल्याचा आणि कोणाला 'पुढच्या टप्प्यात', हे कोण ठरवणार? अध्यक्ष.

अध्यक्ष म्हणजे भैय्याजी मुळे. नागपूरकडचे, ऑफिसर, बोलणं साजूक तुपातलं. सोसायटी निघाली तेव्हापासून तेच. निवडणूक म्हणजे सभेत कोणीतरी त्यांचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी हात वर करायचे. साहेब समोर बसून एकेक हात न्याहाळत असताना खाली कोणाचा राहणार? त्या वर्षी पहिल्यांदा हिरालालनं दुर्गच्या सहकार ऑफिसात अर्ज दिला की आमच्याकडे पेटी ठेवून गुप्त मतदान घ्या. ते मंजूर झालं. मग तो स्वतःच उभा राहिला. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं: प्लॉट सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून वाटा.

ही गोष्ट जानेवारी नव्वदची. दोन महिन्यांपूर्वी लोकसभेची निवडणूक झाली होती. कोणाला किती जागा मिळणार याचे आधीच काढलेले अंदाज मासिकांत छापून आले होते, टीव्हीवर तर कोट घातलेली माणसं दिवसरात्र त्याच्यावरच बोलत होती. हिरालालची पोरगी रत्नमाला दुर्गच्या कॉलेजात सांख्यिकी शिकत होती. तिनं ती पानं कापून ठेवली होती. देशाचं मन हजारभर माणसांना विचारून काढता येतं, तर आपल्या सोसायटीचं का नाही, असं तिला वाटलं. नेमकं हेच तिकडे भैय्याजींनाही वाटलं. टीव्ही काय एकाच घरात होता?

रत्नमाला संध्याकाळी घरोघर फिरली. सगळ्यांकडे जाणं जमणारं नव्हतं, म्हणून गल्लीतली काही घरं सोडत, काही घेत गेली. संक्रांत नुकतीच झालेली. प्रत्येक घरी तिला खाट, तिळाचा लाडू आणि चहा. चहा घेऊन झाला की ती विचारी, काकाजी, अध्यक्ष कोन पायजे? आणि काकाजी म्हणत, हे का विचारनं झालं बाई, हिराभाऊ आपला मानूस. तिनं कागदावर खूण केली. सत्तर टक्के.

सगळीकडे असं झालं नाही. पाण्याच्या टाकीजवळ केवलराम रहांगडाले राहायचा, तो तिच्या अंगावरच आला. त्यानं तिला खाटेवर बस म्हटलं नाही, लाडू तर लांबच. तुझा बाप मागं नळाच्या अर्जावर सह्या घेऊन गेला, मग तोंड दाखवलं नाही, असं म्हणाला. नाल्याकडच्या प्लॉटात भराव कोण टाकणार, चिठ्ठी टाकून खड्डाच निघाला तर त्या खड्ड्यात राहायला हिरालाल येणार का, सडक किती फूट सोडणार, हे सगळं विचारून त्यानं तिला अंधार पडेपर्यंत दारात उभं ठेवलं. असे आणखी काही भेटले. रत्नमालानं त्यांच्या नावापुढे 'विरोधात' लिहिलं आणि घरी येऊन मायला म्हणाली की आपल्या लोकांना बोलायची तमीज नाही.

दुर्गच्या ऑफिसात जाऊन नाव मागे घ्यायची शेवटची तारीख शनिवारची होती. बुधवारी शामसुंदर घरी आला. शामसुंदर म्हणजे भैय्याजींचा भाचा आणि सोसायटीचा सचिव. पायातल्या चपला त्यानं दाराबाहेर नीट जोडीनं काढल्या. हिरालाल पहिली पाळी करून आला होता. त्याच्या बायकोनं, गिरजाबाईनं, चहा टाकला, कारण दारात माणूस आला की ती चहा टाकते, तो कोण आहे हे ती नंतर पाहते.

शामसुंदरनं घडी केलेला कागद काढून हिरालालच्या पुढ्यात ठेवला. भैय्याजींनी दुर्गहून पैसे देऊन दोन माणसं आणवली होती. त्यांना इथलं कोणी ओळखत नव्हतं, त्यांनी छापील पर्च्या घेऊन गल्लोगल्ली विचारलं होतं. भैय्याजी सत्तर टक्के.

"काकाजी, मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो," शामसुंदर म्हणाला. "मामाजींच्या मनात तुमच्याबद्दल काहीच नाही. तुम्ही शनिवारी नाव मागे घ्या, पहिल्या यादीत तुमचा प्लॉट पक्का. सडकेकडचा. आणि उभे राहून हरले, तर मग पुढच्या टप्प्यात. तो टप्पा कधी येईन हे मले बी नाही माहीत."

हिरालालनं विचारलं की हे सत्तर आले कुठून.

"तुमच्याच गल्लीतून पाहा ना. या गल्लीत एका घरानं नाही म्हटलं नाही. एक बी घर सुटलं नाही. तुमच्या दारासमोरची हालत ही आहे, काकाजी."

चहा पिऊन, लाडू खिशात घालून तो गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जे सांगायला पाठवलं होतं ते त्यानं सांगितलं, आणि धमकीसुद्धा अशी दिली की ऐकणाऱ्याला आहेर वाटावा. या लोकांची हीच करामत. शिवी दिली तर माणूस उलटून शिवी तरी देतो. 'तुमच्या भल्याचं' म्हटल्यावर काय देणार?

बापलेक दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बसले. रत्नमाला म्हणत होती की त्यांनी घरं मुद्दाम निवडली असतील, प्रश्न वाकडा विचारला असेल, सँपलच गलत असेल. हिरालाल नुसता कागदाकडे बघत होता. त्याला सँपल कळत नव्हतं असं नाही. मिलमध्ये रुळाचा एक तुकडा कापून सगळ्या मालाची परीक्षा होते हे तो रोज बघत आला होता. पण रूळ समोरच्याचं तोंड पाहून आपली ताकद कमी-जास्त सांगत नाही.

"आपल्या गल्लीत एक बी घर सुटलं नाही म्हणे," तो म्हणाला. "एक बी नाही. मंग आपलं घर?"

रत्नमालानं मान वर केली. गिरजाबाई चुलीशी कपबशा विसळत होती, तिचा हात थांबला.

"मले बी इचारलं होतं," ती म्हणाली. "तुमी ड्यूटीवर होते. दोघं जन आले. उन्हातून आले बिचारे. चहा पाजला. त्यायनं इचारलं, अध्यक्ष भैय्याजीच ना?"

"मंग?"

"मंग का? हो म्हटलं."

उमेदवाराची बायको विरोधकाच्या सत्तर टक्क्यांत बसली होती, आणि ती कशी बसली हे तिला कोणी विचारावं असं तिला वाटतही नव्हतं.

"घरी आलेल्या मानसाले तोंडावर नाही कसं म्हनू?" ती म्हणाली. "तुमच्या मायनं म्हटलं असतं का?"

नसतं म्हटलं. हिरालालला ते ठाऊक होतं. वैनगंगेच्या त्या मुलखात दारात आलेल्याला नकार देत नाहीत. सोयरीक नको असली तरी पाहुण्याला जेवू घालतात, वाटेला लावतात आणि मग कधीच निरोप धाडत नाहीत. पाहुणाही समजून जातो. अडचण कधी होते? दुर्गहून आलेल्या माणसांना ते समजत नाही तेव्हा. आणि कॉलेजात शिकलेली पोरगी ते विसरते तेव्हा.

कारण रत्नमालाच्या कागदावरचे सत्तर तरी कुठून आले होते? त्याच खाटांवरून. तेच लाडू खाऊन. तिनं पेन्सिल घेतली आणि चहा मिळालेलं एकेक घर खोडायला लागली. समोरचं, कोपऱ्यावरचं, बेबीताईचं, जिनं तिला निघताना जवळ घेऊन 'आपलाच मानूस' म्हटलं होतं. खोडून झाल्यावर ती रडवेली झाली.

"बाबूजी, ये तो कुछ बचा ही नहीं. हो ज्यांनी म्हटलं ते सोडून दिले तर राहिले फक्त भांडणारे. ते तर आपल्या विरोधात आहेत."

हिरालालनं भांडणाऱ्यांची नावं वाचली. मग चपला घालून बाहेर पडला.

केवलराम दारात शेगडी पेटवून शेकत बसला होता. त्यानं हिरालालला पाहिलं आणि सरकून जागा दिली, पण या म्हणाला नाही. हिरालालनं नळाच्या अर्जाचं आधी सांगितलं: अर्ज दिला होता, त्याचं काही झालं नाही, आणि काही झालं नाही हे सांगायला यायची लाज वाटली. केवलराम म्हणाला की हे त्याच वेळी सांगितलं असतं तर वर्षभर शिव्या खाल्ल्या नसत्या. मग त्यांचं नाल्यावरून वाजलं. भराव सगळ्यांच्या वर्गणीतून टाकायचा की ज्याचा प्लॉट त्यानं, यावर दोघं शेगडीतले कोळसे विझत आले तरी एकमेकांचं ऐकेनात. शेजारची गयाबाई बाहेर येऊन बघून गेली की मारामारी आहे का.

शेवटी हिरालालनं सरळ विचारलं. "माह्या पोरीनं तुह्या नावापुढं विरोधात लिहिलं हाय. खरं का?"

केवलराम हसला नाही. "हो म्हनाले का लागते गा, हिराभाऊ? चहा पाजला, हो म्हटलं, मानूस गेला. भैय्याजीची मानसं आली, त्यायले मी दोन मिनटात हो म्हटलं. तुह्या पोरीसंग अंधार पडतवरी भांडलो. ज्याच्यापासून काई होनार नाही त्याच्यासंग कोन येवढा भांडते?"

हिरालालनं शेगडीवर हात धरले.

"किती जन भांडले तुमच्यासंग?" केवलरामनं विचारलं.

"थोडेच. चारातला एक."

"मंग हरशीन तू."

"हरलो त प्लॉट गेला."

केवलरामनं शेगडीत काडी खुपसली. "थे बी खरं हाय," तो म्हणाला.

दिलासा देणं त्याला येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्यानं दिला नसता. हिरालाल घरी आला तेव्हा त्याला पहिल्यांदा आकडा कळलेला होता, आणि तो आकडा त्याच्या विरुद्ध होता. चारातला एक आपला. बाकी तिघं कोणाचे हे कोणालाच माहीत नाही, बहुतेक त्यांनाही नाही. शहाण्या माणसानं अशा वेळी काय करावं? घर वाचवावं. म्हातारपणी बायकोला घेऊन पुतण्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा सडकेचा प्लॉट घ्यावा आणि गप्प बसावं. आपल्यातले किती तरी शहाणे असेच बसलेत, आणि त्यांच्या घरांना गेट आहेत.

शनिवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. दुर्गला जायचं म्हणाला. कशाला, हे कोणी विचारलं नाही. रत्नमाला दाराशी आली.

"तुम्ही नाव मागे घेतलंत तर त्यांचे सत्तर खरे होतील," ती म्हणाली. "मतदानच झालं नाही तर ते खोटे होते हे कोणाला कळणार? कायम तेच सांगतील, सत्तर टक्के आमच्याकडे होते."

"होऊ दे खरे. घर त राहीन."

"राहील," ती म्हणाली, आणि बाजूला झाली. तिलाही राहायचं होतंच की त्या घरात.

तेव्हा गिरजाबाई आतून बोलली. आवाज चढवून नाही, भाजी निवडता निवडता.

"त्या कागदात माहं हो हाय. मी त्या दोघायले चहाबरोबर देल्लं थे. माह्या त्या हो ले भिऊन तुमी दुर्गले चालले का?"

हिरालाल उंबऱ्यावर थांबला. रस्त्यानं दूधवाला गेला, त्यानं रामराम केला, हिरालालनं परत केला. मग तो आत आला, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि ड्यूटीचा घातला. दुसऱ्या पाळीला अजून वेळ होता. तो तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी एका शाळेच्या वर्गात मतदान झालं. दुर्गहून आलेल्या अधिकाऱ्यानं पेटी उघडी करून दाखवली, मग कुलूप लावलं. भैय्याजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक येणाऱ्याची नाव घेऊन विचारपूस करत होते. प्रत्येक जण त्यांच्यासमोर वाकून, हसून आत जात होता. हिरालाल दुसऱ्या बाजूला कडुनिंबाखाली उभा होता. त्याच्याकडे पाहूनही प्रत्येक जण हसत होता. फक्त केवलराम कोणाकडे पाहून हसला नाही. मत टाकून बाहेर आला आणि हिरालालला म्हणाला की भरावाचं तू अजूनही चुकीचंच बोलून राहिला.

हिरालाल हरला. बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी. म्हणजे भांडणाऱ्यांशिवाय आणखीही बरेच जण त्याच्याकडे आले होते, चहा पाजून दोघांनाही हो म्हणणाऱ्यांतलेच. ते कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. ते शोधून काढायचं गणित रत्नमालाच्या पुस्तकात नव्हतं, आणि ते नव्हतं हे किती बरं झालं, ते लवकरच कळलं.

कारण तोच प्रश्न भैय्याजींनाही पडला. जिंकलेला माणूस निकाल वाचत बसत नाही, असं आपण समजतो. चूक आहे. हरणारा रडून मोकळा होतो, वाचत बसतो तो जिंकणारा. सत्तरातले जवळजवळ वीस गेले कुठे? ज्याच्या तोंडाकडे बघावं त्यानं हो म्हटलेलं. समोरचा हसतोय तो आपला की पेटीत फिरलेला? हात वर करायचे दिवस असते तर बेइमान हात त्यांनी तिथेच टिपले असते आणि त्या लोकांना पुढच्या टप्प्यात ढकललं असतं. आता कापायचं कोणाला? चुकून आपलाच माणूस कापला तर पुढच्या खेपेला तोही पेटीत जाऊन फिरणार. ज्या गोडव्यानं सत्तरचा आकडा फुगवला होता, त्याच गोडव्यामागे अर्धी सोसायटी लपली होती, आणि तिच्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

प्लॉटवाटपाच्या सभेत भैय्याजी उभे राहिले आणि म्हणाले की सर्वांना समान न्याय मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात असा त्यांचा पहिल्यापासूनच विचार होता. टाळ्या पडल्या. केवलरामनं उठून विचारलं की पराभूत उमेदवाराचं नाव पण डब्यात आहे ना, आधी दाखवा. भैय्याजी म्हणाले, हे काय विचारणं झालं. शामसुंदरनं ती चिठ्ठी काढून दाखवली आणि परत टाकली. सभा चालू असताना हिरालाल मागच्या ओळीत हातावर हात ठेवून बसला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठून पुढे गेला.

प्लॉट मिळाला. नाल्याकडचा. सडकेचा प्लॉट तो शनिवारी दुर्गला न जाता गमावून बसला होता, आणि ते काही कोणी भरून देणार नव्हतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा लोकसभेची निवडणूक आली तेव्हा हिरालाल कुरुदला राहत होता. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, प्लास्टर बाकी. लागूनच केवलरामची जोत्यापर्यंत आलेली भिंत. एक दिवस भर दुपारी कुठल्या तरी पेपरचा माणूस छापील पर्च्या घेऊन दारात आला. घाम पुसत त्यानं हिंदीत विचारलं, माताजी, इस बार किसको? गिरजाबाईनं त्याला खाट दिली, गडव्यात पाणी दिलं आणि आत चहा टाकायला गेली.

रत्नमाला दाराशी आली. "भैया, पहले पूछ लीजिए," ती म्हणाली. "चाय के बाद जो जवाब मिलेगा, वो मत लिखना."

त्याला काही कळलं नाही. तो खाटेवर बसून आपल्या पर्च्या लावत राहिला. तेवढ्यात मागच्या अंगानं केवलराम ओरडत आला की हिराभाऊ, तुह्या मोरीचं पानी माह्या भिंतीत घुसून राहिलं, नाली कधी खोदतोस का मीच खोदू तुह्या दारातून? हिरालाल बनियनवर बाहेर गेला, आणि त्यांचं जुंपलं.

पेपरचा माणूस घाबरून आत पाहू लागला. "झगड़ा है क्या?" त्यानं विचारलं.

"नहीं," रत्नमाला म्हणाली. "पड़ोसी हैं. आपने इनसे पूछा होता तो ये सही बताते."

गिरजाबाईनं चहा आणला. त्यानं तो घेतला, आणि मग प्रश्न पुन्हा विचारला. गिरजाबाई पदर नीट करत हसली. त्याच्या हातात कोणत्या पक्षाचा कागद आहे हे वाचायचा तिनं प्रयत्न केला. वाचता आलं नाही, तेव्हा ती म्हणाली, तुमी म्हनान त्यालेच.